शिडांच्या जहाजावर

मुलांनो, बंदरात उभी असलेली मोठी जहाजे तुम्ही प्रत्यक्ष किंवा चित्रात पाहिली असतील. ती इंजिनाच्या बळावर चालतात. पण आजही काही जहाजे वाऱ्याच्या बळावर समुद्र ओलांडतात. भारतीय नौदलाचे 'तरंगिणी' हे असेच एक जहाज आहे. ते गोवा शिपयार्डमध्ये बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. त्याची लांबी ५४ मीटर आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत. २००३-०४ मध्ये या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलातील तरुण प्रशिक्षणार्थी त्यावर सागरी जीवनाचे पहिले धडे घेतात.

जहाज, बंदर, खलाशी, तुफान हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूत जो 'नाखुदा', तोच कोकणच्या किनाऱ्यावरचा 'नाखवा'. मराठीत 'बादबान'ला शीड म्हणतात आणि 'मस्तूल'ला डोलकाठी. एवढे शब्द घेऊन आता जहाजावर चढा. आजपासून तुम्ही शिकाऊ खलाशी आहात, अशी कल्पना करा.

रात्र झाली की सगळ्यांनी झोपायचे, हा घरचा नियम येथे चालत नाही. जहाज रात्रीही चालत असते. म्हणून खलाशांच्या तुकड्या पाडलेल्या असतात. साधारणपणे चार-चार तासांचा एकेक पहारा असतो. मध्यरात्री कोणीतरी तुम्हांला हलवून जागे करील. तुम्ही डोळे चोळत वर याल. एकजण सुकाणू धरून होकायंत्राकडे पाहत असेल. दुसरा पुढे उभा राहून अंधारात टेहळणी करीत असेल. आता त्याची जागा तुम्ही घ्यायची. दूरवर एखादा दिवा दिसला, तर लगेच अधिकाऱ्याला सांगायचे. त्या वेळी खाली तुमचे सोबती निश्चिंत झोपलेले असतात. तुम्ही जागे आहात, या भरवशावरच ते झोपतात.

सकाळी डेक धुतात, तेही समुद्राच्या पाण्याने. चहूकडे पाणीच पाणी असते, पण पिण्याचे पाणी मोजकेच असते. ते जपून वापरावे लागते. जेवताना जहाज डुलत असते. एका हाताने ताट सांभाळावे लागते. पहिल्या दिवसांत अनेकांना समुद्र लागतो. पोटात ढवळते आणि काही खावेसे वाटत नाही. तरीही पाळी आली की पहाऱ्यावर उभे राहावेच लागते.

आता दोर पाहा. प्रत्येक शिडाला कितीतरी दोर असतात आणि प्रत्येक दोराची जागा ठरलेली असते. ती जागा पाठ करावी लागते. कारण वादळी रात्री दिवा घेऊन दोर शोधायला वेळ नसतो. हातालाच दोर ओळखता आला पाहिजे. चुकीचा दोर सोडला, तर वर काम करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

वारा वाढला की शिडे गुंडाळावी लागतात. मग दोरांच्या शिडीने डोलकाठीवर चढायचे. वारा ज्या बाजूने येतो, त्याच बाजूने चढतात. त्यामुळे वारा तुम्हांला दोरांकडे ढकलतो, बाहेर लोटत नाही. वर गेल्यावर कमरेचा सुरक्षा-पट्टा अडकवायचा. शिडाच्या आडव्या दांड्याखाली एक दोर ताणलेला असतो. त्यावर पाय ठेवून सगळेजण रांगेत उभे राहतात. हा दोर सर्वांचा मिळून एकच असतो. त्यावर नवीन माणसाने पाय ठेवला की इतरांच्या पायांखालचा दोर हलतो. म्हणून पाय ठेवण्याआधी मोठ्याने सांगायचे, "मी येत आहे!" एवढेसे शब्द विसरले, तर शेजाऱ्याचा तोल जाऊ शकतो.

खलाशांमध्ये एक जुना नियम आहे : एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी. काम करायचे, पण स्वतःलाही सांभाळायचे. जो पडला, तो जहाजाच्या काय कामाचा?

तुम्ही विचाराल, इंजिने असताना हे कष्ट कशासाठी? वाऱ्याची दिशा, लाटांची चाल आणि आभाळाचे रंग पुस्तकात वाचून पुरते समजत नाहीत. ते येथे अंगावर घ्यावे लागतात. शिवाय येथे कोणीही एकट्याने शीड उभारू शकत नाही. एकजण केरळचा, एकजण पंजाबचा, एकजण रत्नागिरीचा. पण सगळ्यांनी एकाच हाकेवर दोर ओढला, तरच शीड वर चढते. कोणी गाठ नीट बांधली नाही, तर ते लगेच कोणाला दिसत नाही. वारा सुटला की मात्र ती गाठ सुटते आणि त्याचे फळ सर्वांना भोगावे लागते. म्हणून चांगला खलाशी कोणी पाहत नसतानाही गाठ पक्की बांधतो.

स्वाध्याय
१. पहाऱ्यावरील खलाशाने जागे राहणे का आवश्यक आहे?
२. वारा येतो त्याच बाजूने डोलकाठीवर का चढतात?
३. 'एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी' या नियमाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.