जुने घ्या, पण पारखून घ्या

नवे ते चांगले आणि जुने ते वाईट, असे पुष्कळांना वाटते. दुकानातली चकचकीत वस्तू पाहिली की मन तिकडे ओढ घेते. पण जरा विचार करू या.

आपण बाजारातून बैल आणतो. तो कोणाच्या तरी दावणीला वाढलेला असतो. कोणाचे तरी औत त्याने ओढलेले असते. तरी 'हा वापरलेला आहे' म्हणून आपण नाक मुरडत नाही. आपण त्याचे दात बघतो. खूर बघतो. चार पावले चालवून बघतो. मग भाव करतो.

घरात बाळ जन्मले की आजी पेटीतले जुने लुगडे काढते. त्याची दुपटी करते. नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या अंगाला टोचते. जुने सूत मऊ असते. गोधडीही जुन्या कापडाचीच उबदार होते.

म्हणजे वापरलेली वस्तू घेणे आपल्याला नवे नाही. त्यात कमीपणाही नाही. मग घरासाठी एक नेम का करू नये? कोणतीही वस्तू लागली तर आधी वापरलेली शोधायची. ती मिळाली नाही, तरच नवीचा विचार करायचा.

एका घरातले बोलणे ऐका. घरचा दूधधंदा आहे. रोज सकाळी दूध डेअरीवर न्यावे लागते. त्यासाठी मोटारसायकल हवी आहे.

तो म्हणाला, "भावकीत सगळ्यांच्या दारात नव्या गाड्या हायेत. आपणच जुनी घ्यायची व्हय? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "लोक दोन दिस बोलतील. हप्ता आपल्याला भरायचाय. जरा हिशेब मांडून बघू."

ती साक्षरतेच्या वर्गाला जात होती. तिने पाटी घेतली.

"समजा, नवी गाडी ९०,००० रुपयांची. आपल्याजवळ हायेत ३०,०००. राहिले ६०,०००. ते सावकाराकडनं आणायचे. त्याचं व्याज महिन्याला शेकडा ३ रुपये. म्हणजे महिन्याचे झाले १,८०० रुपये. वर्षाचे किती?"

"२१,६००," तो हळूच म्हणाला.

"आणि मुद्दल तसंच उभं. आता दुसरा हिशेब. वापरलेली गाडी २५,०००. दुरुस्तीला ३,०००. विमा अन् कागदाला २,०००. झाले ३०,०००. कर्ज न्हाई, व्याज न्हाई."

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरा, गाडीचं तेज दोन पावसाळ्यांत उतरतं. व्याज काय उतरत न्हाई."

"आत्याबाई, अगदी खरं बोललात," सून म्हणाली.

तो हसला. म्हणाला, "बरं, जुनीच बघू. पण मिस्त्रीला घेऊन जाईन. डोळे झाकून घेणार न्हाई."

हे त्याचे बोलणे शहाणपणाचे होते. जुन्या मालात फायदा आहे, तशी फसगतही आहे. म्हणून पारख शिकली पाहिजे.

पारख कशी करावी?

सायकल घेताना तिच्या सांगाड्यावर हात फिरवा. रंगाखाली जोड दिलेला आहे का पाहा. चाक उचलून फिरवा. ते डुगत असेल तर किंमत कमी करा. ब्रेक दाबून पाहा.

शिलाई मशीन घेताना सोबत कापडाचा तुकडा न्या. त्यावर टाके घालून पाहा. टाका वरून आणि खालून सारखा आला पाहिजे.

लाकडी खाट किंवा कपाट घेताना फटी पाहा. खाली लाकडाचा भुगा पडत असेल तर आत कीड आहे. फटींत ढेकूण आहेत का तेही पाहा. घरी आणण्याआधी उन्हात टाका.

पितळेचे भांडे जुने असले तरी पिढ्यान्पिढ्या टिकते. पण आतली कल्हई गेली असेल तर ती आधी करून घ्या. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. तो पोटात जाऊ देऊ नका.

कपडे आणले की गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मगच अंगात घाला. एक सुती सदरा तयार व्हायला, कापूस पिकवण्यापासून धरून, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. १५ लिटरची घागर धरली तर त्या झाल्या १८० घागरी. चांगला सदरा आणखी दोन वर्षे वापरला, तर तेवढे पाणी पुन्हा खर्च होत नाही.

माल कुठे मिळतो?

मुंबईला भेंडीबाजाराजवळ चोरबाजार आहे. पुण्याला मंगळवार पेठेतला जुना बाजार प्रसिद्ध आहे. पण एवढे लांब जायला नको. आपल्या गावात, पाहुण्यांत, तालुक्याच्या बाजारात विचारा. ओळखीच्या माणसाची वस्तू घेतली, तर तिचा इतिहास कळतो. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे देते. तोही याच व्यवहाराचा एक प्रकार आहे.

एक गोष्ट मात्र मनात ठेवा. आजारपणात किंवा दुष्काळात माणूस अडतो आणि घरची वस्तू विकायला काढतो. त्याची अडचण पाहून ती कवडीमोलाने घेऊ नका. योग्य भाव द्या. उद्या तीच वेळ आपल्यावरही येऊ शकते.

कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

फार स्वस्त मिळणारी वस्तू चोरीची असू शकते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय येण्याजोगे कारण असून तो घेणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३१७ प्रमाणे या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पावती मागा. पावतीवर विकणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, रक्कम आणि सही घ्या. आता तुम्हाला वाचता येते. पावती स्वतः वाचा.

मोबाईल घेताना त्यावर *#०६# हे दाबा. १५ आकडी नंबर दिसतो. तो खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या नंबराशी जुळवा. जुळला नाही तर फोन घेऊ नका.

गाडी घेताना आरसी बुक पाहा. त्यावरचे इंजिन आणि चॅसिसचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर ते फिटल्याचा दाखला मागा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओ कचेरीत कळवावे, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नियम आहे. नाव बदलून घ्यायला आळस करू नका. गाडी विकली, पण नोंदीत नाव जुन्याच मालकाचे राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसा निकाल दिला आहे. तेव्हा विकणाऱ्यानेही जागे राहावे.

हे मात्र जुने घेऊ नका

१. औषधे. ती कशी ठेवली होती ते कळत नाही.

२. गॅसची रबरी नळी. ती आतून चिरलेली असू शकते.

३. हेल्मेट. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसते, पण डोके वाचवत नाही.

४. कीटकनाशकाचे डबे आणि पिंपे. विष प्लॅस्टिकमध्ये मुरलेले असते. कितीही धुतले तरी त्यात पाणी, तेल किंवा धान्य ठेवू नका. स्वस्त पिंपापायी घरातल्यांचा जीव धोक्यात घालू नका.

आणि शेवटचे. गरज नसताना घेतलेली वस्तू स्वस्त नसते, मग ती जुनी असो की नवी. आधी गरज पाहा. मग वस्तू पारखा. मग कागद वाचा. शेवटी पैसे मोजा.

सांगा पाहू

१. बैल घेताना तुम्ही काय काय पाहता? त्यातले सायकल घेताना काय उपयोगी पडेल?

२. तुमच्या घरात न वापरता पडून असलेल्या तीन वस्तू लिहा. त्या गावात कोणाला उपयोगी पडतील?

३. हिशेब करा: ४०,००० रुपये कर्ज काढले. व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. वर्षाचे व्याज किती होईल?

४. तुम्ही शेजाऱ्याकडून जुनी सायकल घेतली. तिची पावती लिहा.