वडीलधाऱ्यांचा तुरुंगवास आणि वस्तीतील मुले

गुन्हेगार तुरुंगात गेला की वस्ती तेवढी निर्धोक झाली, असे आपण धरून चालतो. हा समज सर्वस्वी खोटा नाही. घातक मनुष्य दूर झाल्याने शेजार सुखावतो, हे कोण नाकारील? प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

अमेरिकेतील टॉड क्लिअर व डीना रोझ या अभ्यासकांनी 1998 मध्ये हा विषय मांडला. पुढे फ्लोरिडा संस्थानाची राजधानी टॅलाहासी येथे पाहणी करता असे आढळले की, ज्या वस्त्यांतून थोडी माणसे तुरुंगात गेली तेथे गुन्हे घटले. परंतु हे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले तेथे ते उलट वाढले.

असे का व्हावे? आपल्याच गल्लीचा विचार करावा. पोरांवर पोलिसांची नजर क्वचित असते. खरी नजर असते ती ओट्यावरच्या चुलत्याची, पानवाल्याची, शेजारच्या खालाची किंवा काकूची. “कुणाचा रे तू? आज शाळा नाही का?” असे विचारणारे जेथे आहेत, तेथे पोर सहसा वाया जात नाही. एकाच गल्लीतील दहा-वीस कर्ते पुरुष उचलले गेले, म्हणजे विचारणारेच उरत नाहीत. आई दिवसभर कामावर जाते. थोरला मुलगा शाळा सोडून मिळेल त्या उद्योगास लागतो, आणि त्याचे गुरू होतात ती त्याच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी पोरे. शिवाय घरोघरचे कोणी आत जाऊन आलेले असले, की तुरुंगाचा धाकही ओसरतो.

अमेरिकेतील मोजमाप आपणांस जसेच्या तसे लागू पडणार नाही. तथापि आपल्या देशात 2022 अखेर 5,73,220 कैदी होते, व त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला निकाली निघावयाचा होता असे. पुढे बाप निर्दोष सुटला, तरी मुलाची बुडालेली इयत्ता भरून येत नाही.

आम्हां शिक्षकांस हे हजेरीपटावरून कळते. बाप अटकेत गेला की मूल गैरहजर राहू लागते. वकिलापायी वह्या-पुस्तके राहतात, हे एक कारण. चिडवणे हे दुसरे. (यात मुलांपेक्षा मोठी माणसेच पुढे असतात!)

कैदी आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकते, व त्याच्या आहार-शिक्षणाची सोय व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिले. बाहेर राहिलेल्या मुलाची विचारपूस मात्र शेजाऱ्यांवरच येते. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ ही ओळ कोणी कोरी सोडली, तर तो अर्ज बाजूस न सारता, आपल्यापैकी एकाने त्या घरी जाऊन यावे.