मृगाच्या आधी हंसांचं खुराडं उन्हात

रोहिणी नक्षत्र लागलं की भाताच्या रोपवाटिकेची घाई सुरू होते आणि हंसांच्या खुराड्याकडे बघायला कुणाला सवड राहत नाही. तरीही मृगाच्या पावसाआधीचे काही दिवस त्यासाठी काढाच. पावसाळ्यात महागड्या जंतुनाशकालाही जे जमत नाही, ते आत्ताचं ऊन फुकट करून देतं.

हंसाच्या जंतांत सर्वांत घातक पेट्यातला जंत, अमिडोस्टोमम अँसेरिस. कलेजी-पेटा करताना पेट्याच्या आतलं जे पिवळं कातडं आपण सोलून टाकतो, त्याच्याखाली हा तांबूस, दोऱ्यासारखा, एक-दोन सेंटिमीटर लांबीचा जंत राहतो आणि रक्त पितो. मोठा हंस ते अंगावर काढतो. खंगतात ती पिलं. एखादं पिलू झुरून दगावलं तर हातमोजे घालून पेटा चिरून बघा. कातडं काळपट होऊन सुटत असेल तर संशय धरा. एकाएकी बरेच पक्षी मेले असतील तर मात्र चिरफाड नको, लगेच पशुवैद्यकांना कळवा.

या जंताला गोगलगाय, गांडूळ असा मधला कुणी लागत नाही. विष्ठेतून अंडी पडतात, उबदार ओलाव्यात आठवडाभराच्या आत लागण करणारी अळी तयार होते आणि ओल्या गवतावर चढते. हंस तर गवतावरच चरणारा पक्षी. म्हणून पावसाळ्यात विष्ठा रोज उचलावी; निदान दर तीन-चार दिवसांनी तरी, अळी तयार होण्याआधी.

आता फिनेलबद्दल. फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं आपल्याला वाटतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. जंतांच्या अंड्यांचं कवच चिवट असतं. रोगजंतू मारणारी नेहमीची औषधं नेहमीच्या प्रमाणात वापरली, तर त्या कवचाला पुरी पडतील असा भरवसा नाही. ब्लिचिंग पावडर विष्ठेवर टाकली की तिचा जोर विष्ठेवरच संपतो. म्हणून औषध शेवटी.

आधी तूस-पेंढा सगळा बाहेर काढा. फरशीचे कोपरे खराट्याने आणि पत्र्याने खरवडा. वाळलेला थर निघाल्याशिवाय पुढचं सगळं वाया. मग उकळतं पाणी ओता, भरपूर. थोडं ओतलं तर फरशीच ते थंड करते. त्यानंतर दारं उघडी टाकून दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. लाकडी फळ्या, भांडी उन्हात मांडा. या जंताच्या अळीला कोरडेपणा सोसत नाही. शेवटी भिंतींना चुना फासा. कळीचा चुना विरवताना तो उसळतो, डोळे आणि हात जपा, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत पक्षी आत सोडू नका. क्रेसॉलयुक्त जंतुनाशक वापरायचं असेल तर डब्यावरचं प्रमाण पाळा, आणि धुतलेलं पाणी तळ्यात किंवा ओहोळात अजिबात जाऊ देऊ नका. त्याने मासे मरतात.

काढलेला तूस खुराड्याशेजारी ढीग करून सोडू नये. दूर खड्ड्यात शेणाबरोबर रचून झाका आणि अधूनमधून खालवर करा. खत नीट तापलं तर अंडी मरतात. ढिगाच्या कडेची थंड राहतात, म्हणून उलथापालथ हवीच.

मोकळं रान मात्र कुठल्याही औषधाने निर्जंतुक होत नाही. तिथे औषध ओतणं म्हणजे पैसा आणि माती दोन्ही घालवणं. पिलांना गेल्या वर्षी मोठे हंस चरले नाहीत अशी, पाणी न साचणारी जागा द्या आणि त्यांना मोठ्यांपासून वेगळं ठेवा.

पावसाच्या तोंडावर ताज्या विष्ठेचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. जंताचं औषध, मात्रा आणि त्यानंतर अंडी-मांस किती दिवस खायचं नाही, हे तिथेच विचारा. औषध पाजल्यावर पक्षी दोन दिवस कोंडून ठेवा, तिथली विष्ठा उचलून खड्ड्यात टाका, आणि मगच त्यांना धुऊन वाळवलेल्या खुराड्यात घ्या.