थायरॉइडची गोळी: कोणती डबी चांगली?

थायरॉइड कमी असल्याचं निदान झालं की बायका पहिला प्रश्न हाच विचारतात, "ताई, मेडिकलवाला तीन-चार डब्या दाखवतो, त्यातली चांगली कोणती?"

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-४ आणि टी-३ असे दोन हार्मोन बनवते. टी-४ हा साठ्याचा माल. शरीर लागेल तसं त्याचं टी-३ करून वापरतं. डॉक्टर देतात ती लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं कंपन्यांची, आतलं औषध एकच. जेनेरिकही तेच, स्वस्त आहे म्हणून हलकं नव्हे. जनऔषधी केंद्रात जरूर विचारा. फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. आणि डबीवरचा आकडा वाचाच. 50 च्या जागी 100 मायक्रोग्रॅमची डबी घरी आली, तर छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते.

टी-३ ची गोळीही मिळते, लायोथायरोनिन. ती लवकर चढते, लवकर उतरते आणि हृदयावर ताण आणू शकते. ती तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची. वजन उतरवायला तर यातली कुठलीच गोळी घ्यायची नाही.

तिसरा प्रकार जनावराच्या वाळवलेल्या ग्रंथीचा, बहुधा डुकराच्या. 1891 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं, ती पुढे 28 वर्षं जगली. तेव्हा दुसरं औषधच नव्हतं. आज मोजून बनवलेली गोळी हाताशी असताना 'नैसर्गिक' या शब्दाला भुलून त्यामागे जाण्याचं कारण नाही. त्या पुडीत माणसाच्या मानाने टी-३ चं प्रमाण जास्त असतं.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या ते एक तासाने. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. दिवस गेले तर गोळी थांबवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते.

महिनाअखेरीला पैसे संपले की सगळ्यात आधी स्वतःची गोळी बंद करणाऱ्या बायका खूप. आठवडाभर काहीच जाणवत नाही, कारण टी-४ शरीरातून हळूहळू कमी होतं. मग वाटतं, गोळीची गरजच नव्हती. पुढे सूज, थकवा, अंगावरून जास्त जाणं सुरू होतं आणि दोष कामाच्या ताणाला दिला जातो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नका.

डबी तापलेल्या पत्र्याखालच्या फळीवर किंवा शेगडीजवळ ठेवू नका. उष्णतेने आणि दमट हवेने औषधाचा जोर कमी होतो.