विषादग्रस्त रुग्ण आणि कृतज्ञताभाव : सत्त्वावजयाचा एक विचार

चिरकारी व्याधीचा रुग्ण औषध घेत असूनही खंगत जातो, तेव्हा आपण त्याचा अग्नी, कोष्ठ व पथ्य पुन्हा तपासतो. मनाची परीक्षा मात्र पुष्कळदा राहून जाते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला आणि शरीर शोषविणाऱ्या भावांत शोकाला अग्रस्थान दिले आहे. प्रीणन करणाऱ्या भावांत हर्ष श्रेष्ठ मानला आहे. म्हणून प्रतिकूल परिस्थितीत मनाची प्रसन्नता टिकविणे हा चिकित्सेचाच विषय होय.

शास्त्राधार

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय ही त्रिविध चिकित्सा आपणांस परिचित आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे म्हणजे सत्त्वावजय. मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय सांगितले आहेत. यांपैकी स्मृती व धैर्य यांत कृतज्ञताभावाचे बीज आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गेले त्याबरोबरच जे उरले आहे त्याचेही स्मरण ठेवणे, हीच कृतज्ञता.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात शोक हा धारणीय वेग आहे, परंतु अश्रू हा अधारणीय आहे. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम संभवतात. त्यावर निद्रा व प्रिय कथा हेही उपाय सांगितले आहेत. तेव्हा दुःखी रुग्णाला "रडू नका, चांगले विचार करा" असे प्रथमच सांगणे शास्त्राला धरून नाही. आधी अश्रूंना वाट द्यावी. नंतर शोक मनात ठाण मांडणार नाही, हे पाहावे.

खानदेशातील उदाहरण

हा क्रम पाहण्यास दूर जावे लागत नाही. नशिराबादजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती, शेती, घर व मुले यांचा भार होता. वैधव्यावरील त्यांच्या गीतात आसवे लपविलेली नाहीत. ती वाहून सरतात आणि मग दृष्टी समोरच्या मुलांकडे वळते. पेरणी, मोट, जाते, उपणणीचा वारा यांविषयी त्यांनी आपलेपणाने गाणी रचली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. मनाला त्यांनी उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या गुराची उपमा दिली आहे. गुरे एकदा हाकलून भागत नाही. सत्त्वावजयही एका भेटीत होत नाही.

व्यवहारातील योजना

१. प्रथम भेटीत उपदेश नको. रुग्णाचे सर्व ऐकून घ्यावे.

२. पुढील भेटींत "काय दुखते?" याबरोबर "मागच्यापेक्षा काय जमू लागले?" हेही विचारावे. पक्षाघाताच्या रुग्णाने स्वहस्ते पाण्याचा पेला उचलला, तर त्याची केसपेपरवर नोंद करावी व ती त्याला वाचून दाखवावी.

३. रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी कोणाचे साहाय्य झाले, ते एका व्यक्तीचे नाव घेऊन आठवावे आणि शक्य तर त्या व्यक्तीस तसे सांगावे. शुश्रूषा करून थकलेल्या सुनेला वा पत्नीला त्या एका वाक्याने बळ मिळते.

४. औषधालयाच्या मालकांनी व सेवकांनी रुग्णापुढे "हा रोग कुठे बरा होतो?" असे उद्गार काढू नयेत. तसेच खोटी हमीही देऊ नये.

मर्यादा

कृतज्ञतेने कर्ज फिटत नाही, करपलेला कापूस परत येत नाही. रुग्णाच्या अडचणीला केवळ दृष्टिकोनाचा दोष म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच होय. निद्रानाश, अन्नद्वेष, सततची उदासीनता आढळल्यास अथवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आल्यास विलंब न लावता मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे व रुग्णाला एकटे सोडू नये. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी लावावा. मानसरोगाची चालू औषधे आपल्या सल्ल्याने बंद करू नयेत.

चिकित्सेच्या चतुष्पादात रुग्णाच्या गुणांमध्ये अभीरुत्व, म्हणजे निर्भयता, सांगितली आहे. हा गुण घेऊन प्रत्येक रुग्ण आपल्या दारी येत नाही. तो त्याच्या ठायी निर्माण होण्यास साहाय्य करणे, हे वैद्याचे कर्तव्य आहे.