डाग राहिला, दगड गेला

माजघरातला तो डाग माझ्या लग्नाआधीचा. तेलाचा डबा वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की शहाबादी फरशीवर उमटतो तसला काळपट गोल. शेजारी ट्रंकेच्या पायांचे चार तांबडे ठिपके. माझं त्यांच्याशी वाकडं नव्हतं. पण यंदा गौरी आमच्याकडे होत्या, आणि जाऊबाईंची नजर आधी जमिनीकडे जाते.

साफसफाईवाला आला तो कॅन घेऊनच. विचारलं, "ॲसिड नाही ना?" "काकू, स्टोन क्लीनर आहे. पंधरा वर्षं हेच करतोय." ओतलं मात्र, फस्स झालं. पांढरा फेस, नाकाला झोंबणारी वाफ. "बघा, मळ कसा सुटतोय!" आणि मी येडी कौतुकानं बघत उभी.

कळलं दुसऱ्या दिवशी. फरशी वाळली होती आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. तीन पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या निळसर फरशीत परातीएवढा पांढुरका चट्टा. हात फिरवला तर खरखरीत. आणि डाग? बरोब्बर मधोमध, होता तिथेच.

फोन केला तर म्हणतो, "दगडच जुना आहे, काकू. पॉलिश करून घ्या, आमचाच माणूस आहे." पैसे परत द्यायचं नावही नाही.

संध्याकाळी भाच्यानं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणून दाखवलं. शहाबादी फरशीचे तुकडे एका परीक्षानळीत, चुरा दुसरीत, दोन्हींत हायड्रोक्लोरिक आम्ल. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कोटा, तांदूर त्याच जातीचे. फेस येतो तो मळाचा नव्हे, दगड विरघळल्याचा. पोराला ठाऊक, पंधरा वर्षंवाल्याला नाही!

तर आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा आणि लगेच पुसा. बुडबुडे आले तर ॲसिड, व्हिनेगर, चिंच, बाथरूमचं क्लीनर, सगळं बंद. बुडबुडे दिसले नाहीत तरी ॲसिडच्या वाटेला जाऊ नका.

तेलाला मुलतानी माती आणि धुण्याचा सोडा पाण्यात थालिपिठाच्या पिठाइतका घट्ट कालवा. डागावर अर्ध्या बोटाचा थर द्या, वर प्लॅस्टिक पसरून कडा चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा, पण लेप लगेच खरवडू नका. कोरडा पडू द्या, वाळतानाच तो तेल वर ओढतो. मग लाकडी पट्टीनं काढा, सुरीनं नव्हे. ओट्याजवळच्या दुसऱ्या डागावर मी हे चारदा केलं, तेव्हा कुठे तो फिकट झाला. गंजाच्या ठिपक्यांना मी हात लावलेला नाही. त्यावर जे सुचवतात ते बहुतेक ॲसिडच असतं.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू होतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. आणि काम बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी सगळे आधीच देऊन बसले होते.

दुसरा पॉलिशवाला म्हणतो, चट्टा काढायचा तर अख्खी खोली घासावी लागेल. तूर्त त्यावर सतरंजी आहे. जाऊबाईंनी गौरीच्या जेवणानंतर ती उचलून बघितलीच.