रिपोर्टचं पान उघडता उघडेना

प्रश्न : आमच्याकडे ओपनव्हॅस आहे. स्कॅन वेळेत होतात, पण ब्राउझरमध्ये रिपोर्टची यादी उघडायला मिनिटभर लागतं. रॅम वाढवूनही फरक नाही. काय करावं?

उत्तर : स्कॅन वेळेत होतात, तेव्हा स्कॅनरच्या मागे लागू नका. संशय पोस्टग्रेस डेटाबेसवर घ्या. फीड नुकतंच अपडेट झालं असेल तर जीव्हीएमडी (ओपनव्हॅसचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) नव्या नोंदी भरत असतो. तेवढा वेळ थांबा. एरवी सर्व्हरवर टॉप चालू ठेवून पान उघडा. पोस्टग्रेसची प्रोसेस एक कोअर पूर्ण खाताना दिसली, की चोर सापडला.

रॅम वाढवलीत, पण पोस्टग्रेसला ते कळवलंत का? शेअर्ड बफर्सची मूळ सेटिंग साधारण १२८ एमबी असते, ती आपोआप वाढत नाही. शिवाय पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीपासून जेआयटी (क्वेरी ऐनवेळी कंपाइल करण्याची सोय) मुळातच चालू असतं. जीव्हीएमडीच्या क्वेरींना ते अनेकदा मारक ठरतं. बंद करून बघाच. मग डेटाबेसवर व्हॅक्यूम आणि अ‍ॅनालाइझ चालवा.

बहुतेक ठिकाणी खरं ओझं जुन्या रिपोर्टांचं असतं (कुणालाच ते काढायचा धीर होत नाही!). टास्कमध्ये ठरावीक ताजे ठेवून बाकीचे आपोआप काढायची सोय आहे. ऑडिटला लागणारे मात्र आधी एक्सपोर्ट करून ठेवा.